चकती जपा, बियाण्यासारखी



परवा इंदापूर तालुक्यात उसाचा प्लॉट पाहून एका घरी चहाला थांबलो. आजोबांनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली ‘सोंगाड्या’ची व्हीसीडी काढली. दादा कोंडके यांचा हा १९७१ चा विनोदी तमाशापट. लेखन वसंत सबनीसांचे, संगीत राम कदमांचे. आजोबांनी तो जत्रेच्या तंबूत आजींबरोबर पाहिलेला. आजी आता नाहीत.

चकती लावली, तर ऐन गाण्यात नाम्या अडकला. आजोबा गप्प झाले.

चकती नेहमी कडेने धरावी. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. ऊन, धूळ, ओल यांपासून दूर ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही. तसेच चकती चालते तोवर घरापुरती एक नक्कल पेनड्राइव्हवर करून घ्यावी. चित्रपट जपायला पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. घरची आठवण मात्र घरानेच जपायची.

चकती पुसून पुन्हा लावली. नाम्या बोलू लागला. आजोबा खळखळून हसले आणि उपरण्याने डोळे टिपले.