आमदार पडला म्हणून दावा पडत नाही



निवडणूक होऊन गेली, पण पाड्यापाड्यांवर एक बोलणं अजून चालूच आहे : "जे. पी. पडले, आता आपल्या प्लॉटांचं काय?" कळवण मतदारसंघात जे. पी. गावीत २०१९ ला पडले, २०२४ लाही पडले. लोकांचा जीव खालीवर होतो तो उगाच नाही. पण या भीतीचा एकदा नीट हिशेब मांडला पाहिजे.

जिवा पांडू गावीत पहिल्यांदा आमदार झाले १९७८ साली, सुरगाण्यातून. हे बुलेटिन काढणारे आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. मध्ये पडले, परत उठले, असे एकूण सात वेळा निवडून आले. पक्ष एकच, लाल बावटा. आज इकडे उद्या तिकडे जाणाऱ्या आमदारांच्या काळात ही गोष्ट लहान नाही. मागण्याही त्यांनी सोडल्या नाहीत : कसणाऱ्याच्या नावे वनजमीन, नार-पारचं पाणी आधी आपल्या शेताला, म्हाताऱ्यांना पोटापुरती पेन्शन, पेसा भरतीत आपल्या पोरांना नोकरी. या मागण्या आपल्याच आहेत.

आता दुसरी बाजू बघू. २०१४ ते २०१९ या काळात ते विधानसभेत आपल्या पक्षाचे एकटेच आमदार होते. सभागृह २८८ जणांचं. तिथं एकट्याच्या भाषणानं सरकार हललं नाही. हललं ते ६ मार्च २०१८ ला हजारो माणसं नाशिकहून पायी निघाली तेव्हा. सुमारे १८० किलोमीटर चालली, पायांना फोड आले. मुंबईत दहावीची परीक्षा होती, पोरांचा खोळंबा नको म्हणून शेवटचा टप्पा रातोरात चालून आझाद मैदान गाठलं. १२ तारखेला सरकारनं लेखी दिलं की वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू.

सहा महिने गेले, पाच वर्षं गेली. मार्च २०२३ मध्ये त्याच मागणीसाठी दिंडोरीहून परत चालावं लागलं. तेव्हा गावीत आमदार नव्हते. तरी सरकारला बोलणी करावी लागली. वासिंदला मोर्चा थांबला, समिती नेमायचं ठरलं आणि तिच्यात माजी आमदार गावीतांचंही नाव आलं. म्हणजे खुर्ची असो की नसो, सरकार ऐकतं ते मागे उभ्या असलेल्या माणसांचं. आणि माणसं घरी परतली की लेखी दिलेला कागदसुद्धा फायलीत झोपतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की आपला दावा कुठल्या आमदाराच्या खिशात नाही. २००६ च्या कायद्यानं दावे मागवायचा, तपासायचा आणि ठराव करायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असाल तर जेवढी कसता तेवढी, चार हेक्टरपर्यंत, तुमच्या हक्काची आहे. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत तिथून कुणी उठवू शकत नाही. दावा नामंजूर केला तर कारणासकट लेखी कळवावं लागतं, आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येतं. नुसता उपग्रहाचा फोटो दाखवून दावा उडवता येत नाही, गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावाच आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायला हवा. हे ज्या पाड्याला तोंडपाठ आहे, त्याला गार्डही घाबरवू शकत नाही.

मग आमदार कशाला? कामाला लावायला. महाराष्ट्रात आदिवासींसाठी राखीव २५ जागा आहेत. ४ ऑक्टोबर २०२४ ला तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या घेतल्या. धनगरांना आदिवासींच्या सवलती देऊ नका आणि पेसा भरती करा, ही मागणी होती. सरकारातल्या आमदारांनाही आपल्यासाठी सरकारपुढं उभं राहता येतं, हे तेव्हा दिसलं. मग प्लॉटांसाठीही २५ जणांनी मिळून उभं राहावं. तालुक्यात किती दावे पडून आहेत, किती फेटाळले, चार एकर कसणाऱ्याला गुंठ्यांत पट्टा का दिला, हे सभागृहात विचारावं. उत्तर छापून येतं, ते आपल्याला पुढं वापरता येतं.

निवडून आलेल्या आमदाराला आपण मत दिलं नसेल, तरी त्याच्याकडे जायचं. तो सगळ्या मतदारसंघाचा आहे. हात जोडून नको, ग्रामसभेचा ठराव घेऊन जायचं, आणि पोच घ्यायची.

आणि एक गोष्ट आमच्या वयाच्या पोरापोरींसाठी. गावीतांच्या पिढीनं चालून दाखवलं. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत राहिलो, तर तो थकल्यावर आपणही बसून जाऊ. प्रत्येक पाड्यावर वाचता-लिहिता येणारे दोघंजण तरी दाव्यांच्या फायलीला लागले पाहिजेत. येत्या ग्रामसभेत दाव्यांची यादी मोठ्यानं वाचा. कुणाचा दावा कुठं अडकलाय ते नावापुढं लिहा. एक प्रत ग्रामसभेकडे ठेवा, एक आमदाराला द्या, एक प्रांत कचेरीत देऊन शिक्का घ्या.

उद्या परत चालायची वेळ आली, तर ती यादी बरोबर घेऊनच निघू.