बूस्ट क्लॉकचा आकडा आणि वॉरंटीची जबाबदारी




ग्राफिक्स कार्डच्या खोक्यावर ठळक छापलेला बूस्ट क्लॉकचा आकडा ही कंपनीने दिलेली हमीच आहे, असा बहुतेक ग्राहकांचा समज असतो. मात्र कार्ड तेवढा वेग गाठत नाही म्हणून ग्राहक दुकानात गेला, की तो आकडा केवळ ‘कमाल’ होता, असे सांगून त्याची बोळवण केली जाते. बूस्ट क्लॉक न गाठणे हा आपोआप दोष ठरत नाही, हे ग्राहकाने समजून घेतलेच पाहिजे. पण ज्या आकड्याच्या बळावर माल खपवला जातो, त्याच्या अटी मात्र वॉरंटीच्या कागदात कुठेही नसाव्यात, हेही मान्य होण्याजोगे नाही.

क्लॉक म्हणजे चिपच्या कामाची लय ठरवणारी स्पंदने, आणि एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख स्पंदने. पूर्वी गेम सुरू असताना कार्ड साधारणतः एकाच ठरावीक वेगाने चालत असे. मार्च 2012 मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स 680 बाजारात आणले, तेव्हा 1006 मेगाहर्ट्झ हा बेस क्लॉक, म्हणजे पायाभूत वेग, आणि 1058 मेगाहर्ट्झ हा बूस्ट क्लॉक असे दोन आकडे जाहीर झाले. तेव्हापासून विजेचा वापर, तापमान आणि व्होल्टेज सतत मोजून कार्ड स्वतःच आपला वेग वरखाली करते. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात, तर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे शेवटचे काही मेगाहर्ट्झ फार महाग पडतात आणि कार्ड सर्वप्रथम त्यांच्यावरच पाणी सोडते.

दोन प्रमुख कंपन्यांचे बूस्ट क्लॉक एकाच मापाने मोजलेले नसल्याने गोंधळ आणखी वाढतो. एनव्हिडियाचा आकडा नेहमीच्या वापरातील सरासरी वेगाचा अंदाज असतो, म्हणून हवेशीर कॅबिनेटमधील कार्ड अनेकदा त्याच्याही पुढे जाते; आरटीएक्स 4090 साठी जाहीर झालेला बूस्ट क्लॉक 2520 मेगाहर्ट्झ असला, तरी कित्येक गेममध्ये ते 2700 च्या आसपास चालते. ते पाहून कार्ड ‘ओव्हरक्लॉक’ झाले आणि वॉरंटी गेली, अशी धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण हे काम कंपनीच्याच फर्मवेअरचे असते. एएमडीच्या व्याख्येत मात्र बूस्ट क्लॉक म्हणजे क्षणिक भाराखाली गाठता येणारी कमाल मर्यादा होय. म्हणूनच 2019 मधील आरएक्स 5700 एक्सटीसाठी या कंपनीने बेस 1605, गेम 1755 आणि बूस्ट 1905 असे तीन आकडे दिले. त्यांतील मधला आकडा ग्राहकाच्या खऱ्या कामाचा असून, अशी माहिती देता येते हेही त्यातून सिद्ध होते.

अटींविना दिलेला आकडा किती फसवा ठरतो, हे एएमडीच्याच ऑक्टोबर 2013 मधील आर9 290एक्स या कार्डाने दाखवून दिले होते. त्यावर बेस क्लॉक न देता फक्त ‘1000 मेगाहर्ट्झपर्यंत’ एवढेच सांगितले होते. प्रत्यक्षात मूळ कुलरसह चिप 95 अंश सेल्सिअसला पोहोचली की वेग बराच खाली येई, आणि एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतही फरक पडे. कारण पंख्याची टक्केवारी सारखी असूनही त्याचे प्रत्यक्ष फेरे वेगवेगळे भरत. पुढे ड्रायव्हर बदलून पंख्याचे नियंत्रण फेऱ्यांच्या संख्येवर आणले गेले.

महाराष्ट्रात या प्रश्नाला उन्हाळ्याचीही जोड आहे. कुलर उष्णता खोलीतल्याच हवेत सोडतो, त्यामुळे 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीत नीट चालणारे कार्ड विदर्भातील मे महिन्याच्या 40 अंशांच्या खोलीत मंदावले, तर तो लगेच कार्डाचा दोष ठरत नाही. कॅबिनेटची बाजूची पाटी काढून तोच गेम पुन्हा चालवल्यावर तापमान उतरून वेग पायरीपायरीने वर चढला, तर अडचण हवेच्या मार्गात किंवा साचलेल्या धुळीत आहे, असे समजावे; खोली थंड, पंखे सुरू आणि वीजपुरवठा पुरेसा असूनही नेहमीच्या गेममध्ये वेग बेस क्लॉकच्याही खाली राहत असेल, तर मात्र वॉरंटीचा दावा रास्त आहे.

प्रत्येक घरातील परिस्थिती वेगळी असल्याने हमी देता येत नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. मोटारीच्या मायलेजबाबतही हेच म्हणता आले असते. तरीही पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था ठरावीक चाचणीतून मायलेज प्रमाणित करतात, आणि रस्त्यावर ते तेवढे मिळत नसले तरी तुलनेला निश्चित आधार मिळतो. खोलीचे तापमान, विजेची मर्यादा आणि चाचणीचा भार नमूद करून बेस क्लॉकची हमी देणे याहून कठीण नाही.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील ‘दोष’ या संज्ञेत कायद्याने किंवा कराराने आवश्यक ठरलेल्या दर्जातील उणिवेबरोबरच विक्रेत्याने केलेल्या दाव्याच्या तुलनेतील उणीवही येते. ग्राहकाला आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. अर्थात स्वतः व्होल्टेज वाढवून कार्ड जाळणाऱ्याने भरपाई मागणे योग्य नाही; परंतु धूळ काढण्यासाठी कुलर उघडला किंवा स्क्रूवरचे स्टिकर फाटले, एवढ्यावरून संबंध नसलेल्या बिघाडाचा दावा फेटाळणेही तितकेच अन्याय्य आहे. ‘स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा मजकुराबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै 2024 मध्ये एसरॉक, गिगाबाइट आणि झोटॅक या कंपन्यांना इशारा देणारी पत्रे पाठवली होती. भारतातही ग्राहक व्यवहार मंत्रालयाने अशा अटींची दखल घेणे उचित ठरेल.

खोक्यावर बेस क्लॉक आणि त्याच्या चाचणीच्या अटी, बूस्ट क्लॉकची त्या कंपनीची व्याख्या, आणि दावा नाकारल्यास सर्व्हिस सेंटरने केलेल्या मोजणीसह लेखी कारण, एवढ्या तीन गोष्टी बंधनकारक झाल्या, तर निराधार तक्रारी कमी होतील आणि खऱ्या तक्रारींना तोंडी उत्तर देऊन वाटेला लावणे दुकानदारालाही शक्य होणार नाही.

— एक वाचक