गोष्ट तीच, पण सांगणारा कोण?



पेरणी तोंडावर आली की आमच्या सोप्यात संध्याकाळी भुईमुगाच्या शेंगांचा ढीग पडतो. बियाण्याच्या शेंगा यंत्रात घातल्या तर दाणा दुभंगतो, साल निघते. म्हणून त्या हातानेच फोडायच्या. हात गुंतलेले आणि कान मोकळे. पूर्वी अशा वेळी गोष्टी व्हायच्या, आणि त्या सांगायच्या आमच्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात कसा असतो, हे आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकले. श्रावणात श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’ची पोथीही त्याच वाचायच्या.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू नेली. गेलेली दृष्टी परत येत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पोथी बंद झाली हे समजण्यासारखे होते. पण गोष्टीही बंद झाल्या. पोरे भोवती जमली की म्हणायच्या, “मला काय दिसत न्हाई, मी काय सांगू? जावा, टीव्ही बघा.” गोष्टी सांगायला डोळे कशाला लागतात, असे कितीदा म्हटले, पण त्यांचे मनच विटले होते. गेली तीन-चार वर्षे आमच्या सोप्यात शेंगा फुटायच्या, पण गोष्ट नसायची.

यंदा थोरली मुलगी कॉलेजच्या सुटीला आली, ती मोबाइलमध्ये बोलकी पुस्तके घेऊन. ऑडिओबुक म्हणतात त्याला. कुणीतरी सबंध पुस्तक वाचून त्याचा आवाज भरून ठेवायचा आणि आपण हवे तेव्हा ऐकायचे. मला वाटले, ही आजकालची चैन. पण थोरलीने सांगितले की याची सुरुवातच अंधांसाठी झाली. इंग्लंडमध्ये १९३५ साली अंधांकरिता अशी पुस्तके तबकड्यांवर काढली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिकही त्यांच्या श्रोत्यांत होते. तबकडीच्या एका बाजूला सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावायचे, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळतच लागे. आता तेच सगळे खिशात मावते. मराठीतही बरीच पुस्तके अशी ऐकायला मिळतात.

“आज्जी, तुझ्यासाठीच आणलंय,” असे म्हणून तिने पहिल्याच संध्याकाळी एक अद्भुत कथा लावली. राजपुत्र, मायावी जंगल, उडता घोडा, सगळे होते. पण वाचणारा गृहस्थ पहिल्या वाक्यापासून जो गरजायला लागला तो थांबेचना. मागे ढोल, वीज कडाडल्याचे आवाज. पाच मिनिटांत आत्याबाई म्हणाल्या, “बंद कर गं ते. ह्यो गोष्ट सांगतोय का बाजारात भांडतोय?”

दुसऱ्या दिवशी दुसरी लावली. इथे उलट तऱ्हा. राक्षसाने राजकन्या पळवली तरी वाचणाऱ्याचा आवाज तसूभर हलला नाही. आत्याबाईंनी जांभई दिली. “ह्यो तलाठी सातबारा वाचून दावतोय.”

आम्ही सगळे हसलो, पण मला त्यात विचार करण्यासारखे वाटले. गोष्टी दोन्ही बऱ्या होत्या. मग बिघडले कुठे? शेतकऱ्याच्या घरची गोष्ट असेल तर बैल, बांध, विहीर हे आपण पाहिलेले असते. वाचणारा कमी पडला तरी चित्र आपले आपण पुरे करतो. अद्भुत कथेत तसे नाही. तिथला प्राणी कुणी पाहिलेला नसतो, गावाचे नाव ऐकलेले नसते, तिथली माणसेही चार हात वेगळी. त्या जगावर विश्वास बसायचा तो केवळ सांगणाऱ्याच्या आवाजावरून. त्यालाच ते खरे वाटत नसेल, तर आपल्याला कसे वाटावे?

मग थोरलीने एक गंमत केली. टॉल्किन नावाचे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’ नावाची अद्भुत कथा प्रसिद्ध केली. बिळात राहणारा एक बुटका, घरकोंबडा जीव खजिन्याच्या शोधात घराबाहेर पडतो, अशी ती गोष्ट. त्यात डोंगराच्या पोटातल्या तळ्याकाठी, मिट्ट काळोखात, त्याची गाठ गोलम नावाच्या विचित्र प्राण्याशी पडते आणि दोघांत कोडी घालायची पैज लागते. जीवावरची पैज! ही गोष्ट दोन वेगवेगळ्या नटांनी वाचलेली आहे. थोरलीने आत्याबाईंना प्रसंग समजावून सांगितला आणि तेवढाच भाग दोघांच्याही आवाजात लावला. आत्याबाईंना इंग्रजीचा गंध नाही. पण मान खाली घालून, शेंग न फोडता, दोन्ही ऐकले.

“पयला माणूस वट्ट्यावर बसून सांगतोय,” त्या म्हणाल्या, “आन् दुसरा फडात हुबा राहून सोंग आणतोय. दोघंबी हुशार. पर झोपताना मला पयलाच पायजे.”

थोरली चाट पडली. कारण गोष्ट अगदी तशीच होती. पहिला आवाज रॉब इंग्लिस यांचा. टॉल्किनच्या कथांचे ते रंगभूमीवर एकपात्री प्रयोग करत. टॉल्किनची पुढची मोठी कथा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्यांनी १९९० साली सबंध वाचली, त्यातली गाणीसुद्धा स्वतः गायली. आवाज घरच्या वडीलधाऱ्याचा, घाई म्हणून नाही. दुसरा आवाज अँडी सर्किस यांचा. २००१ पासून आलेल्या सिनेमांत गोलमचे काम त्यांनीच केले. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात त्यांनी इंटरनेटवरून ‘हॉबिट’ एकाच दिवसात सबंध वाचून दाखवले आणि मदतनिधी उभा केला. मग पुस्तकही ध्वनिमुद्रित केले. ते प्रत्येक पात्र अंगात आणतात. कुणाला हे आवडते, कुणाला ते.

तिकडे याचे मोठेच वाद चालतात, असे थोरली म्हणाली. हॅरी पॉटर या जादूगार मुलाच्या कथा तर आपल्याकडेही मराठीत आल्या आहेत. त्या इंग्लंडमध्ये स्टीफन फ्राय यांनी वाचल्या आणि अमेरिकेत जिम डेल यांनी. फ्राय निवांतपणे, शेजारी बसून सांगितल्यासारखे वाचतात. डेल यांनी एकेका पुस्तकात शंभरावर पात्रांना वेगवेगळे आवाज दिले. ज्याने जो आवाज आधी ऐकला, त्याला तोच खरा वाटतो. आपल्या आईच्या हातची आमटी आणि जगातली आमटी, तसेच हे.

यात आवाज नुसता निराळा असून भागत नाही, तो लक्षातही ठेवावा लागतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या राजेरजवाड्यांच्या आणि ड्रॅगनांच्या कथेत रॉय डोट्रिस या वयोवृद्ध नटाने एकट्याने २२४ पात्रांचे आवाज काढले. गिनेसच्या विक्रमात त्याची नोंद झाली. पण त्याच मालेतले पाचवे पुस्तक २०११ साली आले, तेव्हा काही पात्रांचे आवाज पहिल्यासारखे राहिले नव्हते आणि श्रोते कुरकुरले. ऐकून मला नवल वाटले नाही. आपल्या घरात आजी काल वाघाला घोगरा आवाज देऊन आज पातळ देईल, तर चार वर्षांचे पोरसुद्धा म्हणते, “आज्जी, वाघ असा न्हाई बोलत!”

या सगळ्यातून आत्याबाईंची कळी जरा खुलली. थोरलीने मग ‘हॉबिट’ रोज रात्री थोडे थोडे मराठीत सांगायला घेतले. दुपारी स्वतः ऐकायचे, रात्री आम्हाला सांगायचे. पण पोर नवखी. राक्षसी कोळी आले की हिचा आवाज वाढायचा, हात उडायचे. तिसऱ्या रात्री आत्याबाईंना राहवले नाही.

“बाळ, राक्षस आला की आवाज वाढवू नगं. हळू कर. वरडलं की माणूस मागं सरतंय. हळू बोललं की पुढं सरतंय.”

तिने तसे करून पाहिले. खरेच, शेंगा फोडणारे हात थांबले. शेजारचा धाकटा पोरगा सरकत सरकत तिच्या मांडीला येऊन टेकला.

मग आत्याबाईंनी पोथी वाचतानाच्या एकेक खुणा सांगितल्या. नवे नाव आले की पहिल्यांदा ते सावकाश, सुटे करून उच्चारायचे. पुढे कितीही वेगात म्हटले तरी चालते. वाक्याच्या शेवटी आवाज गिळायचा नाही, तिथेच खरी बातमी असते. हसू येईल तिथे आपण हसायचे नाही. आणि धक्का देण्याआधी एक श्वास थांबायचे. “तेवढ्यात ऐकणाऱ्याच्या डोळ्याम्होरं चित्र तयार हुतंय. आपुन त्येला सवड द्यायला पायजे.”

डोळे गेलेली बाई डोळ्यांसमोरच्या चित्राबद्दल बोलत होती. कुणीच काही बोलले नाही. मी उगीच सुपातले दाणे पाखडत बसले.

आता तुमच्यापैकी कुणाला अशी पुस्तके ऐकायची असतील, तर आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. पुस्तकाच्या नावावर जाऊ नका. नमुन्याचा भाग फुकट ऐकायला मिळतो, तो आधी ऐका. पहिल्या दहा मिनिटांत वाचणारा माणूस विसरून गोष्ट दिसू लागली तर तो चांगला समजावा. त्याचा आवाजच आठवत राहिला तर दुसरा शोधावा. म्हाताऱ्या माणसांना वाचन भरभर वाटते. मोबाइलवर वेग थोडा कमी करता येतो, तो करून द्या. पण फार कमी केला तर आवाज रेंगाळतो आणि मजा जाते. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. लहान मुलांना एकटे मोबाइल देऊन बसवण्यापेक्षा मोठ्याने लावून सर्वांनी ऐकावे, म्हणजे मध्येच प्रश्न विचारता येतो. आणि एक काळजीचे सांगते: मळणी यंत्रावर, कडबाकुट्टीवर, ट्रॅक्टरवर असताना कानात काही घालू नका. गोष्टीत मन गुंतते आणि हात यंत्रात असतो. शेंगा निवडताना, भाकरी थापताना, खुरपताना खुशाल ऐका.

सुटी संपत आली तेव्हा थोरलीने टॉल्किन यांचीच एक हकीकत सांगितली. १९५२ सालची. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्यांची कथा लिहून पुरी झाली होती, पण छापण्याचे जमत नव्हते. ते खचले होते. उन्हाळ्यात एका मित्राकडे राहायला गेले, तिथे टेपरेकॉर्डर होता. अशा यंत्राची त्यांना ओळख नव्हती. त्यातले भूत पळावे म्हणून त्यांनी गमतीने आधी गॉथिक या जुन्या, मृत भाषेत देवाची प्रार्थना म्हटली! मग आपल्या कथा वाचल्या, त्या गोलमच्या कोड्यांसकट. स्वतःचाच आवाज स्वतः ऐकला. मित्राने पुढे लिहून ठेवले की वाचता वाचता त्यांचा आपल्या लिखाणावरचा विश्वास वाढत गेला. ते पुस्तक १९५४ आणि १९५५ साली छापून आले आणि जगभर गेले. त्या दिवसांतले त्यांचे वाचनही पुढे १९७५ साली तबकड्यांवर निघाले.

आत्याबाई ऐकत होत्या. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, “त्या बिळातल्या बुटक्याची कोडी बरी हाईत. पर माझ्या आईकडची त्याहून बरी.” आणि त्यांनी एक घातले. मग दुसरे. पोरांना सुटेनात. मग कोड्यांतून गोष्टीवर केव्हा गेल्या ते कळलेच नाही. सात समुद्र, पोपट, राक्षस. राक्षस आला तेव्हा त्यांचा आवाज इतका खाली गेला की बाहेर गोठ्यात म्हैस कान हलवत होती तेही ऐकू येत होते.

थोरलीने मोबाइल शेंगांच्या ढिगाआड ठेवून सगळे भरून घेतले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने न सांगता ते लावले. आत्याबाई चहा घेत होत्या. कपबशी खाली ठेवून त्यांनी मान तिरपी केली.

“कोण गं ही म्हातारी?”

“ओळख की, आज्जी.”

आत्याबाई ऐकत राहिल्या. राक्षस आला, आवाज खाली गेला, तशा त्या जरा पुढे सरकल्या.

“बरी सांगती,” त्या म्हणाल्या. “पर पोपटापाशी घाई केली बघ तिनं. आज रातच्याला परत सांगते.”