फोन तिच्या हातात द्या, दार लोटून घ्या

बाळंतपणाला दोन महिने झाले तरी सून रात्र रात्र जागते, कारण नसताना रडते, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही म्हणते. घरात पहिला शब्द निघतो, 'नजर लागली.' मग दम केलेलं पाणी, तावीज, दर्ग्याची फेरी. दुआ जरूर करावी. पण आजारावर इलाज करून घ्या, ही शिकवण खुद्द पैगंबरांची (स.) आहे, आणि तिच्यातून मनाचे आजार वगळलेले नाहीत.

अडचण पुढे येते. तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतो. शहरात असला तरी त्या पाटीखाली कुणी पाहिलं तर धाकट्या नणंदेच्या रिश्त्याचं काय, ही धास्ती. अशा घरांसाठी 14416 हा क्रमांक फार मोलाचा आहे. केंद्र सरकारची ही 'टेलि-मानस' सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. फोन लावून भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज दिसली तर ते तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात. जीव देण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा ती करू लागली, तर मात्र तिला एकटं न सोडता थेट रुग्णालय गाठावं.

खरी अडचण घरातच आहे. खोल्या दोन, माणसं सात, आणि फोन नवऱ्याचा. सासू शेजारी बसलेली असताना सून काय बोलणार? 'बरी आहे' म्हणून फोन ठेवील. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. पण कायदा काही मधल्या खोलीत पहारा देत नाही! म्हणून सासूबाईंनीच बाळाला उचलून अर्धा तास शेजारी जावं. नवऱ्याने फोन तिच्या हातात द्यावा, दार लोटून घ्यावं आणि नंतर 'काय बोललीस?' असं विचारू नये.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर बाळ अंगावर पितं, हे त्यांना आधी सांगावं. चार दिवस बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रमजान जवळ आला असेल तर गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का, तेही डॉक्टरांनाच विचारावं. दूध पाजणाऱ्या आईला जीवाला किंवा बाळाला त्रास होत असेल तर रोजे पुढे ढकलण्याची सवलत आहेच.