हेजहॉग पाळावा का?



अल्लीपूरच्या नववीतील एका विद्यार्थ्याने अलीकडे मला एक प्रश्न विचारला. त्याने मोबाईलवर हेजहॉगची चित्रफीत पाहिली होती. तळहातावर मावणारा, पाठभर काटे असलेला, टोकदार नाकाने सारखे हुंगणारा हा प्राणी त्याला फार आवडला. मोठ्या शहरांत तो विकत मिळतो, हेही त्याला कोणीतरी सांगितले होते. "सर, मी हा प्राणी पाळू का?" असा त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून त्याचे उत्तर मी येथे सर्वांसाठी देत आहे.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. हेजहॉग पाळू नये. पण कोणी मोठ्या माणसाने 'नको' म्हटले म्हणून एखादी गोष्ट सोडून देणे ही काही विज्ञानाची रीत नव्हे. कारणे पाहावीत, आकडे तपासावेत आणि मग ठरवावे. तेव्हा चला, आपण हा प्रश्न एखाद्या उदाहरणासारखा सोडवू या.

प्रथम हा प्राणी कोण ते पाहू. पुस्तकी मराठीत त्याला 'जाहक' म्हणतात. आपल्याकडे काटे दिसले की लोक त्याला साळिंदर समजतात, पण तसे नाही. साळिंदर हा उंदीर, घूस, खार यांच्या कुळातला, कुरतडणारा प्राणी आहे. कंदमुळे आणि साली हे त्याचे अन्न. हेजहॉग मुख्यतः किडे, अळ्या, गांडुळे खातो. त्याचे नाते उंदराशी नसून चिचुंद्रीशी आहे. हे नाते लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

भारतात रानटी हेजहॉग आहेत. राजस्थान आणि गुजरात यांसारख्या कोरड्या प्रदेशांत ते आढळतात. दक्षिणेत तामिळनाडूच्या बाजूला त्यांची एक वेगळी जात आहे. विक्रीला येणारा हेजहॉग मात्र बहुधा आफ्रिकेतील पांढऱ्या पोटाच्या जातीचा असतो.

त्याचे काटे म्हणजे केसांचेच बदललेले रूप. आपले केस आणि नखे ज्या केराटिनची बनतात, त्याचेच हे काटे. युरोपातील हेजहॉगच्या पाठीवर असे पाच ते सात हजार काटे असतात. काटा आतून पोकळ असतो आणि त्या पोकळीत आडवे पडदे असतात. बांबूची आठवण झाली ना? बांबू पोकळ असून वाकला तरी चटकन मोडत नाही, कारण त्याची पेरे भिंतीला आतून आधार देतात. थोड्या वजनात जास्त मजबुती देणारी हीच युक्ती काट्यातही आहे. पाठीच्या कडेने एक गोलाकार स्नायू असतो. धोका जाणवला की हेजहॉग तो आवळतो आणि बटव्याची नाडी ओढावी तसे त्याचे डोके, पाय, पोट सारे आत जाऊन काट्यांचा चेंडू तयार होतो. चित्रफितीत जो चेंडू पाहून आपल्याला गंमत वाटते, तो बहुतेक वेळा घाबरलेला प्राणी असतो.

आता आकड्यांकडे वळू. पहिला आकडा तापमानाचा. आफ्रिकेतील या हेजहॉगला साधारण २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. फार थंडी पडली तर तो गारठून सुस्त होतो आणि त्यातून पुष्कळदा मरतो. उन्हाळा फार झाला तरीही त्याची तीच गत होते. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री तो १० अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे वर्षातले कित्येक महिने त्याच्या पेटीला कूलर तरी हवा किंवा शेगडी तरी.

"मग आम्ही नाही का हा उन्हाळा सोसत?" असे तुम्ही म्हणाल. येथे थोडे गणित करा. समजा, तुमचे वजन ५० किलो आहे आणि हेजहॉगचे ५०० ग्रॅम. तुम्ही वजनाने त्याच्या १०० पट झालात. दोघांचा आकार ढोबळपणे सारखा मानला, तर लांबी १०० च्या घनमुळाइतकी, म्हणजे सुमारे ४.६ पट होईल, आणि कातडीचे क्षेत्रफळ त्याच्या वर्गाइतके, म्हणजे सुमारे २१.५ पट. वजन १०० पट, पण कातडी फक्त २१.५ पट! याचा अर्थ, दर ग्रॅम वजनामागे हेजहॉगची कातडी तुमच्यापेक्षा सुमारे ४.६ पट जास्त आहे. उष्णता आत येते आणि बाहेर जाते ती याच कातडीतून. त्यामुळे लहान प्राणी लवकर तापतो आणि लवकर गारठतो. त्यातच आपल्यासारखा भरपूर घाम काढून अंग थंड ठेवण्याची सोय त्याला नाही. भर दुपारी दोन तास वीज गेली तर तुम्ही ओसरीवर, लिंबाच्या सावलीत जाऊन बसाल. पेटीतला प्राणी कोठे जाईल?

दुसरा आकडा अंतराचा. हेजहॉग निशाचर आहे. युरोपात संशोधकांनी हेजहॉगच्या पाठीवर छोटे रेडिओ प्रक्षेपक बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा एक हेजहॉग एका रात्रीत एक ते दोन किलोमीटर हिंडतो असे दिसून आले. आपण दीड किलोमीटर धरू. पिंजरा एक मीटर लांबीचा असेल, तर तेवढे अंतर कापण्यासाठी त्याला १५०० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागेल. रात्रीचे दहा तास धरले तर दर मिनिटाला अडीच खेपा, आणि त्याही रात्रभर. पिंजऱ्यात फिरते चाक ठेवतात ते याचसाठी. चाकावर पाय चालतात, पण नव्या जागा, नवे वास, मातीखालचा किडा हुंगून काढण्याचे काम, यांपैकी काहीच तेथे नसते. शिवाय तो जागा असेल तेव्हा तुम्ही झोपलेले असाल, आणि तुम्ही शाळेतून येऊन त्याच्याशी खेळायला जाल तेव्हा त्याची झोपेची वेळ असेल.

तिसरा आकडा वर्षांचा. नीट सांभाळला तर हा प्राणी चार ते सहा वर्षे जगतो. आज तुम्ही नववीत आहात. चार वर्षांनी बारावी होऊन तुम्ही वर्ध्याला, नागपूरला किंवा पुण्याला शिकायला जाल. मग रोज पेटी साफ करणे, किडे आणणे, पाणी बदलणे हे कोण करील? बहुतेक घरांत ते आईच्या वाट्याला येते, आणि आईला आपण आधी विचारलेले नसते. तो आजारी पडला तर आपल्या भागातले पशुवैद्य गाय, बैल, शेळी यांचे आजार उत्तम जाणतात, पण हेजहॉग त्यांनी क्वचितच तपासलेला असतो. आणि आजार एकाच बाजूने येत नाहीत. निरोगी दिसणाऱ्या हेजहॉगच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत २०११ ते २०१३ या काळात पाळीव हेजहॉगशी संबंध जोडला गेलेल्या अशा साथीत २६ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला.

आता एक आक्षेप घेता येईल. गाय, कुत्रा, मांजर हेही एके काळी रानटीच होते. त्यांना माणसाने पाळले, मग हेजहॉगला का नाही? आक्षेप चांगला आहे. पण 'माणसाळलेला' आणि 'पाळीव' हे दोन शब्द वेगळे आहेत. एखादा रानटी प्राणी लहानपणापासून हाताळला तर तो माणसाळतो; त्याची पिल्ले मात्र पुन्हा रानटीच जन्मतात. पाळीवपणा रक्तात उतरायला पिढ्यान्‌पिढ्यांची निवड लागते. रशियन शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतून माणसाला सर्वांत कमी बिचकणारे कोल्हे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच वीण वाढवायची. अशा कित्येक पिढ्यांनंतर माणूस पाहून शेपूट हलवणारी पिल्ले जन्माला येऊ लागली. कुत्र्याची माणसाशी सोबत तर दहा हजार वर्षांहून जुनी आहे. हेजहॉगचा पाळण्यासाठी व्यापार सुरू झाला तो १९८० च्या दशकात. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तो आपल्याला सोसू लागला असेल, पण आपली सोबत त्याला हवीशी वाटते असे मानण्यास आधार नाही.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षण दिलेला आपला कोणताही रानटी प्राणी पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पुष्कळ घरांत पिंजऱ्यात दिसणारा पोपटदेखील त्यात येतो. परदेशी प्राण्यांचे नियम निराळे आहेत. त्याबाबत दुकानदाराच्या शब्दावर न जाता वनखात्याकडे विचारावे. शेतात जखमी साळिंदर किंवा कासव सापडले तरी ते घरी नेऊ नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

"नाहीच जमले, तर रानात सोडून देऊ," असेही काही जण म्हणतात. स्कॉटलंडजवळच्या साउथ युइस्ट बेटावर पूर्वी हेजहॉग नव्हते. १९७४ मध्ये बागेतल्या गोगलगायी खाव्यात म्हणून तेथे मोजकेच हेजहॉग आणून सोडले. काही दशकांत ते हजारोंच्या संख्येत झाले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाऊ लागले. आपल्या शेतांतही टिटवी, तित्तर, लावा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. सोडलेला हेजहॉग येथे एक तर तडफडून मरेल किंवा तगला तर दुसऱ्याच्या जिवावर तगेल.

मग प्राण्यांची आवड असलेल्या मुलाने करायचे काय? येथे ती नात्याची गोष्ट कामाला येते. हेजहॉगची नातलग चिचुंद्री तुमच्या घरात, गोठ्यात, कापसाच्या कोठीत आधीच राहत आहे. तिचे तोंड तसेच लांब आणि टोकदार, नजर तशीच अधू, अन्न तेच किडे आणि झुरळे, आणि हिंडण्याची वेळही रात्रीचीच. पण मोबाईलवरच्या हेजहॉगला आपण 'किती गोड' म्हणतो आणि चिचुंद्रीमागे मात्र झाडू घेऊन धावतो! तिला उंदीर समजून विष घालतो, ते तर अगदीच चूक.

तिचे निरीक्षण करा. रात्री भिंतीच्या कडेला चाळलेल्या राखेचा पातळ थर पसरा. सकाळी तिच्या पावलांचे ठसे मोजा आणि वहीत काढा. विजेरीच्या काचेवर तांबडा पारदर्शक कागद लावा. रात्री हिंडणाऱ्या पुष्कळ सस्तन प्राण्यांना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही, त्यामुळे तिला न बिचकवता पाहता येईल. नशीब असेल तर चिचुंद्रीची आगगाडी दिसेल. आईच्या शेपटीजवळ पहिले पिल्लू दाताने धरते, त्याच्या मागे दुसरे, त्याच्या मागे तिसरे, आणि सारी रांग भिंतीच्या कडेने धावते. तिला हात मात्र लावायचा नाही, आणि राख उचलल्यावर हात साबणाने धुवायचे. आणि मघाचेच गणित पुन्हा करा. चिचुंद्रीचे वजन ५० ग्रॅम धरा. तुमचे वजन तिच्या १००० पट. १००० चे घनमूळ १०. म्हणजे दर ग्रॅममागे तिची कातडी तुमच्या दहापट! इतकी उष्णता गमावणाऱ्या प्राण्याला सारखे खात का राहावे लागते, हे आता कोणी न सांगताच तुम्हाला कळेल.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. प्राणी पाळल्याने मुलांना जबाबदारी कळते, हे मला मान्य आहे. वर्गात लिंबाच्या पानांवरच्या फुलपाखराच्या अळ्या वाढवा. रोज ताजी पाने द्यायला मुलांना लावा, कोष कधी झाला त्याची नोंद ठेवा आणि फुलपाखरू निघाले की खिडकी उघडा. थोड्याच आठवड्यांत जबाबदारीही कळते आणि सोडून देण्यातला आनंदही. ज्यांना अंगाखांद्यावर खेळणारा सोबतीच हवा असेल, त्यांनी गावातलेच एखादे कुत्र्याचे पिल्लू घ्यावे, त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि ते मरेपर्यंत सांभाळावे.

कोणताही प्राणी घरी आणण्यापूर्वी एका कागदावर चार प्रश्न लिहा. त्याला किती तापमान लागते? तो रोज किती हिंडतो? तो किती वर्षे जगतो? आणि मी गावाबाहेर गेलो तर त्याला कोण सांभाळील? चारही उत्तरे आकड्यांत आणि नावानिशी लिहिता आली, तरच पुढचा विचार करा. हेजहॉगच्या बाबतीत आपल्या भागात ती लिहिता येत नाहीत, असे माझे मत आहे. तुमचे गणित वेगळे येत असेल, तर तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.