मुखवटा उतरल्यावर

मेच्या सुटीत आम्ही दहिसरला बहिणीकडे होतो. इशाची नमाज झाली की भाचे 'स्टार वॉर्स' लावून बसत. आम्ही बाजूला पेपर वाचत होतो. तो कधी मिटला, कळले नाही.

अनाकिन हा गुलामीत वाढलेला पोर पुढे शूर योद्धा होतो. बायको बाळंतपणात दगावेल अशी स्वप्ने त्याला पडू लागतात. नेमका तेव्हाच पालपटाईन कानाशी लागतो: मरण रोखणारी विद्या आहे, माझ्या बाजूने ये. ती विद्या जाणणारा गुरू झोपेत शिष्याच्याच हातून मारला गेला, हेही तोच सांगतो. तरी अनाकिन जातो, लहान मुलांवर तलवार चालवतो, आणि बायको मरतेच. (हा भाग २००५ चा.)

गेल्या वर्षी याच घरातली दादी व्हेंटिलेटरवर होती. त्या आठ दिवसांत कोणी 'मी वाचवतो' म्हणाले असते, तर आम्ही किंमत विचारली असती का? एक बाबा आलाही होता, पाच हजार मागत. आम्ही खिशात हात घातला होता. बहिणीने अडवले.

सूरह ताहा आठवा. इब्लिसने हजरत आदम (अलै.) यांना भुलवले ते अमरत्वाचे झाड आणि न संपणारे राज्य दाखवूनच. त्यांची तौबा कबूल झाली.

तौबेचा भाग सिनेमात आधीच, १९८३ मध्ये, येऊन गेला होता. अनाकिन आता काळ्या मुखवट्यातला डार्थ व्हेडर आहे. मुलगा ल्यूक तडफडताना पाहून तो बादशहा झालेल्या पालपटाईनला उचलून खाईत फेकतो, मुलाकडून मुखवटा उतरवून घेतो आणि मरतो. शेवटी आपल्या जुन्या गुरूंशेजारी हसत उभा दिसतो.

"मामू, झालं माफ? मग ती मुलं?" धाकट्याने विचारले.

आम्ही बुखारी-मुस्लिममधली हदीस सांगितली. नव्याण्णव खून केलेला माणूस तौबेची वाट विचारत निघाला, मध्येच शंभरावा खून केला, मग भल्या लोकांच्या गावाकडे चालता चालता वाटेत मेला. त्याला रहमतच्या फरिश्त्यांनी नेले. पण हुकूकुल इबादही सांगावे लागले: ज्याचा हक्क मारला, त्याचा हिशेब बाकी राहतो. सिनेमा हा हिशेब मांडतच नाही.

"मग त्या शंभर जणांनी माफ केलं?"

अल्लाह त्यांना आपल्याकडून देऊन राजी करील, असे आलिम सांगतात, एवढे आम्ही बोललो. त्याने मान हलवली. पटले की झोप आली, कोण जाणे.