आधी जागा विचारा, मग रॉड दाखवा

नारळीपौर्णिमा होऊन गेली, खाडीचे पाणी निवळू लागले, की आपल्या दुकानांत आणि धक्क्यांवर एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो : "समुद्रावर गरवायला सुरुवात करायची आहे, काय घेऊ?" विचारणाऱ्याच्या खिशात मोजके पैसे असतात आणि डोळ्यांसमोर मोबाइलवर पाहिलेला पॉपर आणि त्याच्यावर झेपावणारा मासा. या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, त्यावर हा माणूस पुढच्या हंगामात किनाऱ्यावर दिसणार की त्याचा रॉड माळ्यावर जाणार, हे ठरते. म्हणून हे संपादकीय नवख्यांसाठी नाही. दुकानदार, गाइड आणि जुने जाणते गरवणारे, म्हणजे त्यांना सल्ला देणारे आपण सगळे, आपल्यासाठी आहे.

आपले उत्तर बहुतेक वेळा माशापासून सुरू होते. जिताड्याला हा रॉड, तांबोशीला ते रील, सुरमईला ही लाइन. नवख्याच्या गळाला पहिल्या हंगामात मात्र मुडदुशी, शेंगाळा, लहान गोबरा आणि नशीब असेल तर किलो-दीड किलोचा जिताडा लागतो. त्याने आयुष्यातला सर्वांत मोठा मासा डोळ्यांसमोर ठेवून घेतलेला जड संच या माशांसाठी निरुपयोगी असतो. तासाभरात हात भरून येतो आणि हलकी ओढ कळतच नाही. त्याला आधी विचारायला हवे : तू उभा कुठे राहणार आहेस?

आपल्या किनाऱ्यावर या प्रश्नाला फार महत्त्व आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या पुढे जातो. मालवण-गोव्याकडे तो साधारण दोन मीटरच असतो. त्यामुळे वसई किंवा मनोरीच्या खाडीतल्या ओढीला तळाशी टिकायला 80 ते 100 ग्रॅम शिसे लागते, तर कर्ली किंवा शापोराच्या पाण्यात 20-30 ग्रॅमवर काम भागते. एकाच रॉडने दोन्ही ठिकाणी नीट फेकता येत नाही. वाळूच्या किनाऱ्यावर लाटांच्या पलीकडे आमिष टाकायचे तर अकरा-बारा फुटी रॉड हवा. वांद्र्याच्या किंवा रत्नागिरीच्या कातळावर, जेटीवर, कांदळवनाच्या कडेला तो अडचणच करतो. जागा कळली की शिशाचे वजन कळते, शिशावरून रॉड ठरतो, रॉडवरून रील आणि रीलवरून लाइन. हा क्रम उलटा केला की पैसे वाया गेलेच.

जेटी, खाडी आणि कातळ या तिन्हींसाठी पहिला संच म्हणून आमची शिफारस साधी आहे : आठ ते नऊ फुटांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम-हेवी, 10 ते 40 ग्रॅम फेकणारा स्पिनिंग रॉड आणि त्यावर 4000 आकाराचे स्पिनिंग रील. मोठ्या ओढीच्या खाडीत गरवणाऱ्यालाही हाच संच द्यावा आणि पहिले काही महिने अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत जायला सांगावे. तेव्हा ओढ कमी असते आणि हलके शिसे तळाला टिकते. बेटकास्टर रील नवख्याला देऊ नये. अंगठ्याचा अंदाज बसण्याआधी त्यात नुसता गुंता होतो. टेलिस्कोपिक रॉड बसमधून न्यायला सोयीचा वाटतो, पण वाळू आणि मीठ सांध्यांत शिरले की तो उघडताही येत नाही आणि मिटताही येत नाही.

रॉड विकताना गिऱ्हाइकासमोर दोन गोष्टी करून दाखवाव्यात. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे आणि ती चीर लाइन कापणार. मग कडीचे पाय पाहा. तिथे आधीच तांबूस डाग असेल तर खाऱ्या हवेत तो रॉड हंगामभरही टिकणार नाही. पूर्ण कार्बनचा महागडा रॉड पहिल्यांदाच घ्यायची गरज नाही. कातळावर आपटून-आदळून शिकायच्या दिवसांत काच आणि कार्बन यांच्या मिश्रणाचा रॉड जास्त सोसतो. कार्बन विकलाच, तर तो वीजवाहक आहे, विजेच्या तारांखाली आणि गडगडाटात तो उभा धरायचा नाही, हे सांगितल्याशिवाय हातात देऊ नये.

पैसे वाचवायचे असतील तर ते रॉडवर वाचवावेत, रीलवर नको. रीलच्या खोक्यावर बेअरिंगचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. खाऱ्या पाण्यात दहा उघड्या बेअरिंगपेक्षा चार झाकलेली बरी. खरी परीक्षा ड्रॅगची. लाइन कड्यांतून ओवून, ड्रॅग मध्यम आवळून ती हाताने हळूहळू ओढा. स्पूल अडखळत, झटके देत सुटले तर ते रील परत कपाटात ठेवा. पहिल्या जोराच्या धावेला त्याच झटक्याने लाइन तुटणार. हँडल स्क्रूने बसणारे असेल तर ते घडीच्या हँडलपेक्षा कमी खुळखुळते.

लाइनच्या बाबतीत आमचे मत आजच्या बाजाराच्या विरुद्ध आहे आणि ते आम्ही स्पष्टपणे मांडतो. नवख्याच्या पहिल्या स्पूलवर ब्रेडेड लाइन भरू नये. साधा तंगूस भरावा, 0.33 ते 0.35 मिलिमीटर जाडीचा. ब्रेडेड बारीक असते, लांब जाते, ओढीत कमी वाहते, हे सगळे खरे. पण ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे शिकाऊ हाताचा प्रत्येक हिसका थेट गाठीवर आणि गळावर येतो. कालवांनी मढलेल्या कातळाला ताणलेली ब्रेडेड नुसती घासली तरी जाते. वाऱ्यात ढिली गुंडाळली गेली की तिचा गुंता सुटत नाही, कापून टाकावा लागतो. तंगूस ताण पोटात घेतो, घासणे थोडेफार सोसतो, गुंता सोडवता येतो आणि चार-सहा महिन्यांनी बदलायला महाग पडत नाही. हलके लुअर फेकायची वेळ आली की दुसऱ्या स्पूलवर 20 पाउंडी ब्रेडेड द्यावी. आणि कोणतीही लाइन विकताना पाउंडांच्या आकड्याआधी जाडी दाखवावी. एकाच जाडीच्या दोन तंगुसांपैकी एकावर दुप्पट ताकद छापलेली असेल, तर तो आकडा विश्वासाचा नाही.

लाइन भरून देणे हेही आपलेच काम आहे. काठापासून दोनेक मिलिमीटर खालपर्यंत, ओल्या फडक्यात धरून ताणात भरली तर ती नीट सुटते. काठोकाठ भरलेला तंगूस उड्या मारत बाहेर येतो. अर्धवट भरलेला दूर जात नाही. ब्रेडेड नुसत्या स्पूलवर भरली की आख्खी लाइन स्पूलवर फिरते. ड्रॅग कितीही आवळला तरी मासा लाइन नेतच राहतो आणि बिचारा नवखा रील बिघडले म्हणून परत आणतो. आधी तंगुसाचे काही वेढे घ्यावेत, म्हणजे ती जागची हलत नाही.

लीडर हा जास्तीचा खर्च नाही. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते आणि तांबोशी गळ लागताच कातळात किंवा कांदळवनाच्या मुळांत घुसते. मुख्य लाइन कोणतीही असो, पुढे हातभर 30 पाउंडी लीडर असायलाच हवा. लांब रॉडने 100 ग्रॅम शिसे जोरात फेकणाऱ्याला तर 35-40 पाउंडांचा आणि रॉडच्या लांबीहून मोठा लीडर द्यावा, म्हणजे फेकताना लाइन तुटून शिसे शेजाऱ्याच्या डोक्याकडे जाणार नाही.

एवढे देऊनही दोन गोष्टी न शिकवता गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडले तर संच अपुरा आहे. पहिली, गाठ. युनी गाठ एकच शिकवावी, पण पक्की : वेढे घेतल्यावर थुंकीने ओली करून, हळू आवळायची. कोरडी गाठ झटक्याने आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होतो. दुसरी, ड्रॅग. लाइनच्या ताकदीच्या चौथ्या भागावर तो लावायचा. सात-आठ किलोच्या तंगुसाला दोन किलोच्या आसपास, टांगत्या वजनकाट्याला लाइन बांधून, रॉड वाकवून, स्पूल सुटेपर्यंत ओढून. काउंटरवर हे पाच मिनिटांत होते आणि त्याच्याएवढे मासे कोणतेही महाग रील वाचवत नाही.

उरलेल्या पैशांत दुसरे लुअर घेण्याआधी लांब पक्कड, घट्ट पकडीचे बूट आणि लाइन कापायची कात्री घ्यायला लावा. शेंगाळ्याच्या पाठीवरचा आणि परांचा काटा विषारी असतो. त्याचा गळ बोटांनी काढू देऊ नका. घरी गेल्यावर ड्रॅग आवळून रीलवर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, पुसून झाल्यावर ड्रॅग ढिला, एवढी सवय लागली तर साधे रीलही वर्षानुवर्षे चालते. तुटलेल्या लाइनचा तुकडा किनाऱ्यावर टाकायचा नाही. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, बगळ्यांच्या आणि कासवांच्या पायांत अडकतो. ज्या वेळासच्या आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी राखली जातात, त्याच किनाऱ्यांवर आपण गरवतो.

हंगामाच्या तोंडाशी दुकानदारांना आमची विनंती आहे : काउंटरवर एक टांगता वजनकाटा आणि भरती-ओहोटीचा तक्ता लावा, आणि जागा विचारल्याशिवाय रॉड काढू नका. गाइड आणि जुन्या मंडळींनी आपल्या धक्क्यावर आलेल्या नवख्याचा ड्रॅग तपासून द्यावा, गाठ पुन्हा बांधायला लावावी. महाग संच विकून गिऱ्हाईक एकदा येते; योग्य संच आणि अर्धा तास देऊन ते वीस वर्षे येते, आणि येताना आपल्या मुलालाही आणते. या छंदाची वाढ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होणार नाही.